तीन ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं

माणसाने घरात स्टुडिओ करू नये. केलाच तर त्याला स्टुडिओ म्हणू नये. मी दोन्ही केलं आणि वर भाचीला फोनवर म्हणालो, "मोबाइलवर रेकॉर्डिंग? अगं, मामाच्या घरी स्टुडिओ असताना?" हे वाक्य मी ज्या थाटात बोललो तो थाट आठवला की अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. तिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल, जादा गाद्या आणि बायकोचं शिवणयंत्र असे. शिवणयंत्र मी हॉलमध्ये हलवलं (त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही), गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या आणि मधोमध टेबल मांडलं. टेबलावर कॉम्प्युटर, एक मायक्रोफोन आणि एक लाल डबी. डबी साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. तिला इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनची वायर तिच्यात जाते आणि तिची वायर कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरला ही डबी ओळखता यावी म्हणून त्याच्यात एक प्रोग्रॅम घालावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ही कथा समजायला एवढं ज्ञान पुरे. माझ्याकडेही त्याहून जास्त नव्हतं.

आता मुद्द्याचं. सोमवारी सकाळी आठ वाजता ताईच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रावर गाठ. गाठ साधी आहे, पण बसली आहे अडचणीच्या जागी, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येत नाही. "साधारण किती बदलेल?" मी विचारलं, तर त्यांनी नुसता हात हवेत हलवला. मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. हा हात मी ओळखतो. लोक "मंजुरी कधी येईल?" म्हणून विचारतात तेव्हा मीही तोच हलवतो.

ताई एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषक होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती उशिरा, कोणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडतंय, हे सगळं गाव तिच्या आवाजात ऐकायचं. पण ते सगळं जागच्या जागी बोललेलं. एकतीस वर्षं बोलून त्यातलं एक वाक्य कुठे साठवलेलं नव्हतं. भाची लांब, दुसऱ्या देशात. दोन महिन्यांवर बाळंतपण आलेलं. तिला एकच हवं होतं. लहानपणी ताई तिला रुसलेल्या बसची गोष्ट सांगायची, स्वतःच रचलेली, कुठे लिहिलेली नाही. ती गोष्ट आईच्या याच आवाजात बाळासाठी ठेवायची.

गोष्ट पुरी सांगायला चौदा मिनिटं लागतात, बसच्या भोंग्यासकट. आणि डॉक्टरांनी ताईला दिवसाला बोलायला दिली होती पंधरा मिनिटं. तीही शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर पूर्ण मौन, ते थेट ऑपरेशन होऊन तीन आठवड्यांपर्यंत.

गुरुवारी दुपारी ताई बॅग घेऊन आमच्याकडे आली. बायकोने स्वयंपाकघरातला गजर लावायचा टायमर दोरीने स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि ताई तोंड उघडेल तेव्हा तो सुरू, मिटेल तेव्हा बंद, असा कारभार हाती घेतला. बाकीच्या बोलण्यासाठी ताईला वाणसामानाच्या यादीचं पॅड दिलं. गुरुवारची पंधरा मिनिटं ताईने प्रवासात शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेची हकीकत सांगण्यात संपवली. हरकत नाही. शुक्रवार आणि शनिवार हाताशी होते.

आणि इथेच मी चालत्या गाडीला खीळ घातली. डबी आदल्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित चालत होती. पण गुरुवारी संध्याकाळी, ताई चहा पीत असताना, आपली तयारी चोख असावी म्हणून मी डबीच्या कंपनीची वेबसाइट उघडली. तिथे तीन ड्रायव्हर होते. एक जुना, एक चालू आणि एक नवीन, ज्याच्यापुढे "चाचणीसाठी" असं लिहिलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने एक निवडला असता. पण मी सव्वीस वर्षं क्लेमच्या फायली पाहतोय, आणि आमच्या विभागाचा एकच धर्म आहे: जास्त कागद जोडले तर कोणी काही म्हणत नाही, एक कमी पडला तर फाईल परत येते. मी तिन्ही घातले. तारखेच्या क्रमाने. झाल्यावर मला जे समाधान वाटलं ते पूर्ण भरलेला फॉर्म पाहून वाटतं तसलं होतं.

शुक्रवारी सकाळी दहाला ताई मायक्रोफोनपुढे बसली. पाठ ताठ, पदर सारखा केलेला, कानांवर हेडफोन. मी लाल बटण दाबून बोटाने खूण केली.

"एक होती बस," ताई म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा, "एक होती बस," आणि पुन्हा थांबली.

"काय झालं?"

"अरे, माझ्या मागोमाग दुसरी एक बाई बोलतेय. तिचं होऊ दे आधी."

दुसरी बाई म्हणजे ताईच. तिचा आवाज डबीतून कॉम्प्युटरमध्ये आणि तिथून परत तिच्या कानात यायला अर्धा सेकंद लागत होता. एकतीस वर्षांची शिस्त: फलाटावर दोन घोषणा एकदम करायच्या नाहीत. मी समजावलं, ताई "बरं" म्हणाली, पण दर वाक्याला सवयीने थांबून त्या बाईला वाट देत राहिली. अशी चार मिनिटं गेली. गळ्यातला टायमर उचलून बायकोने मला दाखवला.

झालेलं ऐकून तर पाहू म्हणून मी ते लावलं, आणि हेडफोनमधून निघाली एक सहा वर्षांची मुलगी, तीही घाईत असलेली. कॉम्प्युटरचा एक ड्रायव्हर आवाज एका वेगाने घेत होता आणि दुसरा वेगळ्याच वेगाने सोडत होता, हे मला पुढे कळलं. त्या वेळी ताईने ते ऐकलं आणि ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बायकोने टायमर सुरू केला.

"अगं, हसणं बोलण्यात कसं धरतेस?" मी म्हणालो.

"घसा तोच ना?"

वाद मिटेना, म्हणून मी दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "हसणं धरायचं का ते डॉक्टरांना विचारते." तीन मिनिटं फोन तसाच. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, पेशंटला हसवू नका." म्हणजे प्रकरण फेटाळलं, कारण न देता. हेही मी ओळखतो.

मग मी पडद्यावरची या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी बटणं दाबून पाहिली, आवाज जरा माणसासारखा झाला आणि ताईने पुन्हा सुरुवात केली, आज जेवढी होईल तेवढी, बाकीची शनिवारी. यावेळी सुरेख. सहा मिनिटं झाली, बस डेपोच्या दारात रुसून बसली, आणि तिच्याबरोबर कॉम्प्युटरही. पडदा निळा. उरलं काहीच नाही, गेलेली सहा मिनिटंसुद्धा. ताईच्या वाट्याची शुक्रवारची शिल्लक तेवढ्यात "अरे देवा, छोटू!" म्हणण्यात खर्च झाली. मी बावन्न वर्षांचा आहे. ताईला मी अजून छोटूच आहे.

दुपारी बायको हळूच म्हणाली, "अहो, उद्या फोन पण शेजारी ठेवू या का? राहू दे आपला सोबतीला."

"फोनमुळे डबीत घरघर येते," मी म्हणालो. हे खरं आहे, पण मी ते खरं आहे म्हणून म्हणालो नाही. स्टुडिओत मोबाइल ठेवणं म्हणजे मीच माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणण्यासारखं होतं. त्या उत्तराची मला आज लाज वाटते. त्या दिवशीही वाटली, पण तोवर बोलून झालं होतं.

शुक्रवारची दुपार मी कंपनीच्या मदत केंद्रात काढली. म्हणजे बसलो खुर्चीतच, पण मन तिथे उभं होतं. आधी त्यांनी सिरीयल नंबर मागितला. तो डबीच्या पोटावर, मुंगीने लिहावा तसा. तो दिला तर खरेदीची पावती मागितली. पावती दिली तर म्हणाले की पावतीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, कारण खात्यावर मी हौसेने स्टुडिओचं नाव टाकलं होतं. मी म्हणजेच स्टुडिओ, असं लिहून कळवलं. मग त्यांचं पत्र आलं: "आपलं प्रकरण प्रक्रियेत आहे. संयम राखल्याबद्दल आभार."

हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या पत्रांत नेमकं हेच वाक्य असतं आणि ते नऊ वर्षांपूर्वी मीच बसवलं होतं. साहेबांनी तेव्हा कौतुकही केलं होतं. ते वाचणाऱ्याला कसं वाटतं हे मला नऊ वर्षांनी समजलं. शिवाय मी संयम राखलाय, हे त्यांना कोणी सांगितलं?

शनिवार उजाडला. ताईने सकाळी पॅडवर लिहिलं: "आज जमेल ना?" मी मान अशी हलवली की तिचा अर्थ हो किंवा नाही, कुठलाही घेता यावा.

नऊ वाजता वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. भिंतींना टेकवलेल्या गाद्या थरथरायला लागल्या. मी वर गेलो, तर ते लोक म्हणाले, सेक्रेटरींची लेखी परवानगी आहे, सहा वाजेपर्यंत. सेक्रेटरी म्हणजे आमच्या शेजारचे पूलवाले काका. यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि निवृत्त झाल्यापासून सोसायटीत तेवढ्याच भक्कमपणे नियम बांधतात.

"शांतता हवी असेल तर अर्ज द्या," काका म्हणाले. "कारण लिहा."

"कारण, ताईचं रेकॉर्डिंग."

"रेकॉर्डिंग म्हणजे व्यवसाय का? राहत्या जागेत व्यवसाय चालत नाही."

"व्यवसाय नाही हो काका. गोष्ट आहे. बसची. ताई बसस्थानकावर घोषणा करायची."

काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे त्या स्टॅंडवरच्या बाई? त्या तुमच्या ताई?" आणि त्यांनी अर्ज तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने लिहून मंजूर केला, चार ते सहा, आणि वर जाऊन ड्रिलची वायर स्वतः काढली. मग ते आमच्याकडे येऊन डबीकडे पाहत उभे राहिले. "अर्थिंग बघितलं का?" म्हणाले. मी म्हणालो, बघितलं. "पाया बघा आधी. वरचं सगळं नंतर." हा सल्ला त्यांनी जाता जाता तीनदा दिला. माझा पाया म्हणजे ते तीन ड्रायव्हर, हे मला अजूनही सुचत नव्हतं.

ते सुचलं आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला. शनिवारची त्याची सुट्टी, तो टायरच्या दुकानात रांगेत उभा होता. मी फोन करून सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, ड्रायव्हर कुठला घातलाय?"

"तिन्ही," मी म्हणालो. जरा अभिमानानेच.

पलीकडे त्याने आधी टायरवाल्याला हातोडा थांबवायला सांगितलं. "तिन्ही काढा," तो मग म्हणाला. "एकेक करून. प्रत्येक काढल्यावर कॉम्प्युटर बंद करून चालू करा. मग मधला एकच घाला. आणि डबीची वायर सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात, मधे काही नको."

साडेचार वाजले होते. गोष्ट चौदा मिनिटांची, म्हणजे पावणेसहाच्या आत सुरू व्हायलाच हवी. मी खोलीचं दार लावून घेतलं. पहिला निघाला. कॉम्प्युटर बंद, कॉम्प्युटर चालू. आमचा कॉम्प्युटर चालू होताना एक गोल चक्र फिरतं. एरवी ते मला दिसतसुद्धा नाही, पण त्या दिवशी मी त्याचे फेरे मोजले. दुसरा निघेना. "हा प्रोग्रॅम वापरात आहे," म्हणाला. कोणाच्या वापरात? माझ्या तर नव्हता. त्याला समजावून, दटावून, शेवटी कॉम्प्युटरची वायर ओढून काढला. पाच वाजून दहा. तिसरा निघाला तेव्हा साडेपाच.

बायकोने दारावर टकटक केली. "अहो, ताई विचारताहेत..."

"पाचच मिनिटं!" मी ओरडलो.

थोड्या वेळाने पुन्हा टकटक झाली. मी ओ दिली नाही. मधल्या ड्रायव्हरची निळी पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर उभी होती आणि मला वाटत होतं, मी मान वळवली तर ती मागे जाईल. हे सगळं चालू असताना मनात एकच घोळत होतं. ताईचा आवाज माझ्या हातून जातोय. गाठीमुळे नाही, डॉक्टरांमुळे नाही. माझ्या मोठेपणामुळे.

पाच अठ्ठावन्नला डबीवर हिरवा दिवा लागला. मी बटण दाबलं, मायक्रोफोनवर टिचकी मारली, आणि पडद्यावरची पट्टी टिचकीबरोबर उडाली. अर्धा सेकंद उशीर नाही, सहा वर्षांची मुलगी नाही. मी दार उघडून ओरडलो, "ताई! चल, चल! झालं!" दोन मिनिटांत चौदा मिनिटांची गोष्ट कशी होणार, हा हिशेब माझ्या डोक्यातून साफ गेला होता.

ताई शांतपणे आली, मायक्रोफोनपुढे बसली आणि पॅड माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं: "सांगून झाली. फोनवर. तिने तिकडे रेकॉर्ड केली. भोंग्यासकट."

मी बायकोकडे पाहिलं. "दोनदा दार वाजवलं," ती म्हणाली. "मग ताई म्हणाल्या, राहू दे त्याला, आपण गॅलरीत बसू. चौदा मिनिटं नि वीस सेकंद. तिकडे ती रडली, इकडे आम्ही."

म्हणजे काम झालं होतं. भाचीला गोष्ट मिळाली होती, बाळाला आजी मिळाली होती. जे व्हायला हवं होतं ते माझ्याशिवाय, एका साध्या फोनवर, गॅलरीत कपडे वाळत असताना झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, शपथेवर सांगतो. पण त्याच्याबरोबर दुसरंच काहीतरी वर आलं. मी म्हणालो, "बरं झालं. मी वायरी आवरतो," आणि टेबलाखाली शिरलो, कारण टेबलाखाली माणसाचं तोंड कोणाला दिसत नाही.

तिथे वायरींच्या गुंत्यात, हातापायांवर, मला रडू आलं. भाचीसाठी, बाळासाठी असं म्हणत मी तीन दिवस धावत होतो. पण आई कामावर जायची तेव्हा मला शाळेसाठी उठवायची ती ताई. पाढे घ्यायची ती ताई. ताप आला की उशाशी बसून बडबडत राहायची तीही ताईच. तो आवाज मला हवा होता. माझ्यासाठी. आणि हे कोणी मला विचारलं नव्हतं म्हणून मी कोणाला सांगितलंही नव्हतं. आता सहा वाजून गेले होते.

टेबलावर जरा हालचाल झाली. ताई वाकली असावी. मग वरून, अगदी जवळून, तिचा आवाज आला.

"छोटू, ये बाहेर. हळू. डोकं आपटेल."

मी दचकून उठलो आणि डोकं आपटलं.

"ताई! सहा वाजून चार मिनिटं!" बायको किंचाळली. ताईने तोंडावर हात ठेवला आणि पॅड ओढून घाईघाईने लिहिलं: "डॉक्टरांना सांगू नका." मग मला ओढून बाहेर काढलं, टेंगूळ चोळलं, आणि पुढे तीन आठवडे ती एक अक्षर बोलली नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. आवाजही आला, पण दुसराच. जाड आहे, जरा खरखरीत, आणि ताई रागावली की अर्ध्यात तुटतो. ती म्हणते सवय होईल. तिला झालीही. भाचीला मुलगी झाली. रुसलेली बस ऐकल्याशिवाय ती झोपत नाही म्हणे, आणि भोंगा आला की हसते.

टेबलाखाली शिरण्याआधी मी रेकॉर्डिंगचं बटण बंद केलेलं नव्हतं, हे मला रविवारी कळलं. बरीच फाईल नुसती वायरींची खसफस आहे, आणि मधे एक माणूस नाक ओढतो. त्यानंतर नऊ सेकंद. ताई, मग धप्प, मग बायको. अगदी स्वच्छ आलंय. कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं तसं, खोलीत बसल्यासारखं. ती फाईल मी भाचीला पाठवलेली नाही. तिच्याकडे तिची आहे.

त्या दिवसापासून मागच्या खोलीतलं काही मी हलवलेलं नाही. शिवणयंत्र अजून हॉलमध्येच आहे आणि बायकोही त्याबद्दल काही बोलत नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर विचारतो: ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली आहे, आता घालू का? आमचा कॉम्प्युटरवाला सांगतो, "घाला साहेब, ड्रायव्हरचा आणि जुन्या फाईलचा काही संबंध नसतो." नसेल. मी "नंतर" दाबतो आणि नऊ सेकंद ऐकून ऑफिसला जातो.